अंतःकरण एक कीं अनेक? : दासबोधाच्या एका समासाचें परीक्षण

समर्थ रामदासांविषयीं महाराष्ट्रांत जो दीर्घ वाद झाला तो बहुतांशीं तारखांचा वाद होता. श्रीशिवाजीमहाराजांची व समर्थांची पहिली भेट शके १५७१ त झाली कीं शके १५९४ त, ह्या एका प्रश्नावर किती शाई खर्ची पडली हें संशोधकांस सांगावयास नको. तो वाद व्हावयासच पाहिजे होता. त्याच्या निमित्तानें पुष्कळ कागद उजेडांत आले. परंतु त्याची झळ दासबोधास लागली. ग्रंथाचे जणूं दोन तुकडे पडले. राजकारणाचे समास पुराव्याच्या कामीं लागले, आणि उरलेला ग्रंथ “हें तर नेहमींचें अद्वैत” असें म्हणून देव्हाऱ्यांत परत ठेवण्यांत आला. दासबोधांतील अद्वैत नेहमींचेंच आहे कीं काय, हें मात्र फारसें कोणीं तपासून पाहिलेलें दिसत नाहीं.

तें तपासण्यास आम्हीं येथें एकच समास घेतला आहे: दशक दहावा, समास पहिला. दशकाचें नांव जगज्ज्योति, आणि समासाचा विषय, सर्व प्राण्यांचें अंतःकरण एक आहे कीं वेगळालें, हा. समास आखूड आहे, तीसएक ओव्यांचा. पारायण करणारा तो पांच मिनिटांत ओलांडतो. आमच्या मतें समर्थांच्या सबंध तत्त्वविचाराची कसोटी ह्या पांच मिनिटांत आहे. आणि त्यांत समर्थ शास्त्रकारांची ठरलेली वाट सोडून भलत्याच आडरानांत शिरले आहेत.

आधीं स्थळाविषयीं थोडें, कारण त्याचा पुढें उपयोग आहे. समर्थांचें जन्मगांव जांब. शके १५३० (इ. स. १६०८) च्या रामनवमीस सूर्याजीपंत ठोसर व राणूबाई ह्यांच्या पोटीं ते तेथें जन्मले. हें गांव आज जालना जिल्ह्याच्या दक्षिण भागीं घनसावंगी तालुक्यांत मोडतें. जालना जिल्हा अलीकडचा. औरंगाबाद व परभणी ह्या जिल्ह्यांचे तालुके तोडून तो १ मे १९८१ रोजीं झाला. जुन्या कागदांत जांब शोधणाऱ्यानें अंबडाकडे पाहावें. ह्याच जिल्ह्याच्या उत्तर टोंकास, भोकरदन तालुक्यांत, जयदेववाडीचा जाळीचा देव हें महानुभावांचें प्रसिद्ध स्थान आहे. म्हणजे एकाच जिल्ह्याच्या दक्षिणेस अभेद सांगणाऱ्याचें जन्मस्थान आणि उत्तरेस भेद सांगणाऱ्यांचें तीर्थ. जिल्ह्याची सीमा आंखणाऱ्या अधिकाऱ्यांच्या मनांत हें अर्थातच नव्हतें.

आतां समास. आरंभीं श्रोता विचारतो कीं, सर्वांचें अंतःकरण एक कीं अनेक, हें मला निश्चयानें सांगा. वक्ता आढेवेढे न घेतां सांगतो कीं एक. इतक्यावर एखाद्या गरीब श्रोत्यानें मान डोलावली असती. हा श्रोता तसा नाहीं. तो म्हणतो, अंतःकरण एक असेल तर एकाचें दुसऱ्याशीं पटत कां नाहीं? एक जेवला म्हणजे सर्व तृप्त व्हावयास पाहिजेत. एक मेला म्हणजे सर्व मरावयास पाहिजेत. एक सुखी व एक दुःखी असें जगांत दिसतें तें कां? एकाच्या पोटांतलें दुसऱ्यास कळावयास पाहिजे, कोणास कांहीं चोरून ठेवतांच येतां नये. मग गुपित म्हणून जी वस्तु आहे ती कशी? आणि शेवटीं तो सापाचें उदाहरण देतो: साप डसावयास येतो आणि माणूस भिऊन पळतो; दोघांचें अंतःकरण एक असेल तर हा विरोध कां?

समर्थांनीं पूर्वपक्षास इतकी मोकळीक क्वचितच दिली असेल. समासाच्या जवळजवळ पहिल्या तिसऱ्या हिश्श्यांत हा श्रोताच बोलत आहे, आणि तो नेमक्या ठिकाणीं बोट ठेवीत आहे. ह्या आक्षेपाचें कूळ फार जुनें आहे. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकांतील अठरावी कारिका पुरुषांचें अनेकत्व सिद्ध करते ती ह्याच मार्गानें: जन्म, मरण व इंद्रियें प्रत्येकास वेगळीं नेमून दिलेलीं आहेत, सर्वांची प्रवृत्ति एकाच वेळीं होत नाहीं, गुणांचा उलटसुलट प्रकार दिसतो, सबब पुरुष अनेक. “एक मेला तर सर्व मेले पाहिजेत” हा त्या कारिकेचाच मराठी अवतार होय. समर्थांनीं कारिका प्रत्यक्ष पाहिली कीं ती त्यांस वेदान्ताच्या चर्चेंतून मिळाली, ह्या वादांत शिरण्याचें आम्हांस कारण नाहीं. लक्ष्यांत घेण्यासारखी गोष्ट दुसरी आहे. कारिकेंत जन्म, मरण व करणें आहेत, पण जेवण नाहीं. समर्थांच्या श्रोत्याचा पहिला दाखला जेवणाचा आहे.

ह्या एका फरकावर आम्ही थोडे थांबतों. दासबोधाच्या सहाव्या दशकाच्या चौथ्या समासांत कलियुगाचीं ४७६० वर्षें गेल्याचा उल्लेख आहे, त्यावरून तो भाग शके १५८१ (इ. स. १६५९) चा ठरतो. त्यापूर्वीं अठ्ठावीस-तीस वर्षें, इ. स. १६३० ते १६३२ ह्या सालांत, दख्खन व गुजराथ ह्या दोन्ही प्रांतांत अतिभयंकर दुष्काळ पडला होता. त्या वेळीं समर्थ विशीबाविशींतले, संप्रदायाच्या हिशेबानें नाशकाजवळ टाकळीस तपश्चर्येंत होते. ज्यांनीं तो काळ पाहिला अशा माणसांपुढें “सर्व एक आहेत” असें म्हणावयाचें तर पहिली शंका जेवणाचीच येणार. शास्त्रांतला आक्षेप येथें पोटांतून आला आहे, असें आम्हांस वाटतें. भेद खरा कीं खोटा हा प्रश्न पोथींत कितीहि सूक्ष्म असो, भुकेच्या वेळीं त्याला एकच रूप असतें.

ह्या आक्षेपास अद्वैती आचार्यांचें ठरलेलें उत्तर आहे, आणि तें चांगलें उत्तर आहे. आत्मा एक, अंतःकरणें अनेक. सुखदुःख, भूक, तृप्ति, राग, लोभ हे आत्म्याचे धर्म नव्हत, ते उपाधीचे. आणि उपाधि देहागणिक निराळी असल्यामुळें एकाचें सुखदुःख दुसऱ्यास जाऊन मिळत नाहीं. ब्रह्मसूत्राच्या दुसऱ्या अध्यायाच्या तिसऱ्या पादाच्या शेवटीं शेवटीं कर्मफलांचें मिश्रण कां होत नाहीं ह्याचा जो विचार आहे, त्यावरील शांकरभाष्याचा रोख हाच आहे. पुढें समर्थांच्याच शतकांत धर्मराजाध्वरीन्द्रांनीं वेदान्तपरिभाषेंत ही सर्व व्यवस्था बंदिस्त मांडून ठेविली. म्हणजे शास्त्रानें भेदाला राहावयास एक घर नेमून दिलें आहे, आणि त्या घराचें नांव अंतःकरण.

आतां समर्थ काय करतात तें पाहा. हें उत्तर त्यांच्या हाताशीं होतें. दोन ओव्यांत श्रोत्याचें तोंड बंद झालें असतें. पण त्यांनीं तें घेतलें नाहीं. शास्त्रानें ज्या घरीं भेद राहावयास ठेविला, नेमक्या त्याच घरीं त्यांनीं ऐक्य नेऊन बसविलें! आत्मा एक असें ते येथें म्हणत नाहींत. अंतःकरण एक असें म्हणतात. वेदान्ताच्या परिभाषेंत मुरलेला शास्त्री हें वाचून दचकला पाहिजे. तो दचकत नाहीं ह्याचें कारण इतकेंच कीं, तो “अंतःकरण” हें अक्षर पाहतो आणि मनांत “आत्मा” असें वाचतो. ही सोय मोहक असली तरी तिनें समासाचा जीव जातो. कारण आत्मा एक म्हणणाऱ्यास श्रोत्याचा एकहि आक्षेप लागू पडत नाहीं, आणि मग समर्थांनीं इतक्या ओव्या त्या आक्षेपांस कां दिल्या ह्याचा उलगडाच होत नाहीं.

समर्थांचें स्वतःचें उत्तर असें: अंतःकरण म्हणजे जाणीव, आणि जाणीव म्हणजे देहाचें रक्षण करण्याची जाणती कळा. श्रोत्यानें विरोधाचा पुरावा म्हणून आणलेला सापच वक्ता उलटा फिरवितो. साप डसावयास आला तो जाणून आला; माणूस पळाला तो जाणून पळाला. विरोध दोघांच्या कृतींत. जाणणें दोहींकडे सारखेंच. डोळ्याचें पाहणें, जिभेचें चाखणें, कानाचें ऐकणें सर्वत्र एक. पाणी सर्वांस थंड, अग्नि सर्वांस ऊन. एकास आवडतें तें दुसऱ्यास नावडतें हें खरें, परंतु तो देहस्वभाव झाला. आवडतें कीं नावडतें हें कळलें तें जाणिवेनेंच. मुंगीपासून ब्रह्मदेवापर्यंत ही एकच कळा पसरली आहे, कोठें उणी, कोठें अधिक. विस्तव मोठा असो वा लहान, तो विस्तवच. पाणी थोडें असो वा फार, तें पाणीच.

सापाचा हा उपयोग आम्हांस अत्यंत मार्मिक वाटतो. वेदान्तग्रंथांतून साप येतो तो दोरीवर भासणारा, म्हणजे मुळांत नसलेला. समर्थांचा साप खरा आहे, विषारी आहे, आणि डसावयास आलेला आहे. त्याला भ्रम ठरवून वक्ता सुटका करून घेत नाहीं. वैर तसेंच ठेवून वैराच्या दोन्ही टोंकांस एकच वस्तु दाखविणें, ही युक्ति आमच्या पाहण्यांत तरी मराठी ग्रंथांत दुसरीकडे इतक्या स्वच्छपणें आलेली नाहीं.

परंतु युक्ति मार्मिक असणें व ती सिद्ध होणें ह्यांत अंतर आहे. विद्यारण्यांनीं पंचदशीच्या दुसऱ्या प्रकरणांत भेद तीन प्रकारचे सांगितले आहेत. झाडाचा आपल्याच पानाफुलांशीं जो भेद तो स्वगत. एका झाडाचा दुसऱ्या झाडाशीं तो सजातीय. झाडाचा दगडाशीं तो विजातीय. ब्रह्माच्या ठिकाणीं ह्या तिहींचा निषेध झाला म्हणजे तें खरें अद्वैत. ह्या मापानें समर्थांचा विस्तव मोजला तर काय निघतें? चुलींतला विस्तव व होळींतला विस्तव हे दोन्ही विस्तव, येथवर मान्य. परंतु म्हणून ते संख्येनें एक होत नाहींत. एक विझला तरी दुसरा जळत राहतो. विजातीय भेद गेला, सजातीय भेद जागच्या जागीं उरला. समर्थांनीं जातीचें ऐक्य सिद्ध केलें आणि निकाल व्यक्तीच्या ऐक्याचा वाचून दाखविला, असा आक्षेप कोणाहि नैयायिकास घेतां येईल, आणि तो आम्हांस बिनतोड वाटतो.

समर्थांस ही गोष्ट अगदींच दिसली नव्हती असें मात्र नाहीं. कमीअधिकपणाचा विषय निघतांच त्यांनीं ह्याच समासांत जो शब्द योजला आहे तो “जिनसमासला”. सर्वांचा जिनसमासला एक. “जिनस” हा मूळचा अरबी शब्द, फारसींतून आपल्या दप्तरांत व बाजारांत आलेला. अर्थ जात, प्रकार, माल. मासला म्हणजे नमुना, हाहि त्याच वाटेनें आलेला. न्यायशास्त्राच्या “जाति” ह्या जड शब्दाचें ओझें समर्थांनीं वाण्याच्या दुकानांतल्या शब्दावर टाकलें, आणि त्या शब्दानें तें पेललें. पण शब्द जातीचाच! तो एकच विस्तव आहे असें न म्हणतां एकाच जिनसाचा आहे असें म्हणतो. म्हणजे ग्रंथकाराचा सिद्धांत एक पाऊल पुढें गेला आहे आणि त्याची भाषा प्रामाणिकपणें एक पाऊल मागें थांबली आहे.

ह्या ठिकाणीं जिल्ह्याच्या उत्तरेकडील शेजाऱ्यांस बोलावणें इष्ट आहे. महानुभावांच्या मतें जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर हे चार पदार्थ नित्य व अनादि असून परस्परांहून भिन्न आहेत. जीवास परमेश्वराचा आनंद लाभेल, परंतु जीव परमेश्वर कधींच होणार नाहीं. हा भेद त्यांनीं नुसता सांगितला नाहीं, मोजलाहि. देवतांची संख्या एक्याऐंशी कोटि सव्वा लक्ष दहा, असा त्यांचा हिशेब आहे. भेदावर इतका विश्वास असलेला दुसरा मराठी पंथ आम्हांस ठाऊक नाहीं. ह्या पंथाच्या पोथ्या सकळ, सुंदरी इत्यादि सांकेतिक लिप्यांत शेंकडों वर्षें झांकलेल्या राहिल्या. विसाव्या शतकांत राजवाडे, भावे, यशवंत खुशाल देशपांडे, हरि नारायण नेने ह्यांच्या श्रमांनीं त्या बाहेरच्या वाचकांस मिळाल्या. त्यापूर्वीं मराठी तत्त्वविचार म्हणजे अद्वैत असें जें सरसकट म्हटलें जाई तें अर्धा पुरावा पेटींत कुलूपबंद असतां दिलेल्या निकालासारखें होतें.

एखाद्या महानुभाव महंतापुढें समर्थांचा हा समास ठेविला तर तो काय म्हणेल? आमच्या समजुतीनें त्याला ह्या समासांतील बहुतेक दाखले मान्य करतां येतील. सर्व जीव जाणते आहेत, साप जाणून येतो, माणूस जाणून पळतो, ठीकच आहे. त्यांतून जीव एक हें कसें निघालें? केसोबासांच्या दृष्टांतपाठांत एकशें चौदा दृष्टांत आहेत, त्यांत आंधळ्यांचा व हत्तीचा दृष्टांत सर्वपरिचित आहे. प्रत्येक आंधळा हत्तीचा एकेक अवयव चांचपतो व त्यालाच हत्ती समजतो. डोळस मात्र सबंध हत्ती पाहतो. अद्वैत्यांसहि हा दृष्टांत प्रिय आहे, कारण त्यांत हत्ती एक आहे. परंतु भेदवाद्याच्या नजरेनें पाहिलें तर दुसरीच गोष्ट दिसते: आंधळे अनेक आहेत, ते चांचपून चांचपून शहाणे झाले तरी शहाणे आंधळेच राहतात, हत्ती होत नाहींत. सारांश, ज्या पुराव्यावर समर्थांनीं अभेद उभारला त्याच पुराव्यावर भेदहि तितक्याच ऐटींत उभा राहतो. म्हणून हा समास अद्वैताची सिद्धि म्हणून वाचणें व्यर्थ आहे.

मग तो काय म्हणून वाचावा? समर्थांच्या बाजूनें दोन समर्थनें करण्यासारखीं आहेत. एक, समष्टीचें. समासाच्या उत्तरार्धांत अंतःकरण हा विष्णूचा अंश असें म्हटलें आहे. जाणिवेनें पाळण होतें म्हणून ती विष्णु, नेणिवेनें संहार होतो म्हणून ती रुद्र, आणि जाणीवनेणीव मिश्र तो उत्पत्तिकर्ता ब्रह्मा. वेदान्तांतहि सर्व सूक्ष्म शरीरांच्या समष्टीस हिरण्यगर्भ म्हणून एक मानलेंच आहे. तेव्हां समर्थ पिंडांतील अंतःकरणाविषयीं बोलत नसून ब्रह्मांडांतील अंतःकरणाविषयीं बोलत आहेत, दशकाचें नांवहि जगज्ज्योति आहे, असें म्हणतां येईल. हें समर्थन खरें आहे, पण अर्धवट आहे. श्रोत्यानें प्रश्न पिंडाचा विचारला होता. भूक ब्रह्मांडास लागत नाहीं.

दुसरें समर्थन आम्हांस अधिक महत्त्वाचें वाटतें. ह्याच दशकाचा शेवटचा समास चळाचळाचा आहे. समर्थांच्या विचारांत मुख्य विभाग सत्य व मिथ्या असा नुसता नाहीं. चंचळ व निश्चळ असा आहे. परब्रह्म निश्चळ. जाणीव, ती कितीहि व्यापक असो, हालते, चालविते, येते, जाते; म्हणून ती चंचळांत जमा. तेव्हां अंतःकरण एक हा समर्थांचा शेवटचा सिद्धांत नव्हेच. ती वाटेंतली पायरी आहे, आणि पायरी चंचळाच्या हद्दींत आहे. म्हणजे समर्थांच्या दप्तरीं ऐक्यें दोन: एक निश्चळाचें, जेथें कोणी जेवणारा नाहीं व कोणी उपाशी नाहीं, आणि दुसरें चंचळांतलें, जेथें साप व माणूस दोघेहि आहेत, वैर आहे, आणि तरी दोघांचा जिनस एक आहे. आचार्यांस ह्या दुसऱ्या ऐक्याची गरज पडली नाहीं. व्यवहारांत भेद, परमार्थांत अभेद, एवढ्यावर त्यांचें भागलें. समर्थांचें भागेना, कारण त्यांस मठ घालावयाचे होते, महंत पाठवावयाचे होते, परक्या गांवच्या परक्या माणसांशीं बोलावयाचें होतें.

राजकारणाचे समास व तत्त्वाचे समास ह्यांचा सांधा येथें आहे असें आमचें मत आहे. चातुर्याच्या समासांतून समर्थ वारंवार सांगतात कीं दुसऱ्याचें अंतर ओळखावें, परांतर राखावें, मनोगत जाणून वागावें. हा उपदेश शक्य केव्हां? दुसऱ्याचें अंतःकरण माझ्यापेक्षां मुळांतच निराळ्या जातीचें असेल तर मला तें कधींच ओळखतां येणार नाहीं. आणि तें संख्येनें माझेंच असेल तर ओळखण्याचा प्रश्नच उरत नाहीं, राखावयाचेंहि कांहीं उरत नाहीं. जिनस एक, पण देह वेगळे, ह्या मधल्याच जमिनीवर महंताची विद्या उभी राहते. शास्त्रार्थाच्या दृष्टीनें जो ह्या समासाचा दोष, म्हणजे व्यक्तीचें ऐक्य म्हणून जातीचें ऐक्य दाखविणें, तोच समर्थांच्या कार्याच्या दृष्टीनें त्याचा गाभा ठरतो. राजवाड्यांनीं समर्थांच्या महाराष्ट्रधर्मांत जयिष्णुता पाहिली ती ह्या मुळाशीं ताडून पाहण्यासारखी आहे. कारण ज्या शत्रूचें जाणणें आपल्याच जिनसाचें आहे त्याला जिंकणें निराळें, आणि ज्याला आपण राक्षस समजतों त्याला जिंकणें निराळें.

तरीहि समर्थांकडे दोन येणीं राहतात, आणि तीं भक्तिभावानें माफ करणें हें टीकाकाराचें काम नव्हे. गुपिताचा आक्षेप श्रोत्यानें स्पष्ट घेतला होता. जाणीव एक असतां एकाचें एकास कळत कां नाहीं, ह्याला समासांत उत्तर नाहीं. आवडीनावडीचा भेद देहस्वभावावर ढकलला आहे; पण गुपित ही आवड नव्हे, तें जाणणेंच आहे, आणि तें जाणणें एकापाशीं असून दुसऱ्यापाशीं नाहीं. दुसरें येणें जेवणाचें. एक जेवल्यानें दुसरा तृप्त होत नाहीं तो कां, ह्याचें उत्तर वक्ता देहाकडे बोट दाखवून देऊं शकला असता, पण त्यानें त्या दाखल्याचें पुन्हां नांवहि घेतलें नाहीं. साप उचलला, ताट तसेंच ठेविलें.

ह्या संबंधांत अमृतानुभवाची आठवण येते. अद्वैतांत भक्ति कशी संभवते हें सांगतांना ज्ञानेश्वरांनीं त्या ग्रंथाच्या नवव्या प्रकरणांत एकाच डोंगरांतून कोरलेल्या देवाचा, देवळाचा व परिवाराचा दाखला दिला आहे. मराठवाड्यांतल्या वाचकास त्यावर टीका नको. वेरूळचें कैलास लेणें ज्यानें पाहिलें त्याला तो दाखला डोळ्यांनींच कळतो. परंतु तेथेंहि पंचदशीचें माप लावलें तर स्वगत भेद उरतोच: दगड एक, पण देव देवच व पुजारी पुजारीच. ज्ञानेश्वरांच्या डोंगरांत स्वगत भेद उरतो, समर्थांच्या विस्तवांत सजातीय भेद उरतो, महानुभाव तर विजातीय भेदास नित्यच मानतात. मात्र ह्यावरून तीन पंथांस तीन भेद वांटून दिले अशी सोयीची यादी कोणी करूं नये. महानुभावांचे जीव आपसांतहि अनेक आहेत, आणि ज्ञानेश्वरांस उरलेल्या भेदाची खंत नाहीं, उलट तो त्यांना भक्तीच्या सोहळ्यासाठीं हवाच आहे. समर्थांस मात्र तो हवाहि आहे व नकोहि आहे. चौथ्या दशकाच्या नवव्या समासांत, आत्मनिवेदनाच्या प्रसंगीं, जो विभक्त तो भक्त नव्हे असा कडक निवाडा त्यांनीं दिला आहे. आणि येथें दहाव्या दशकांत मात्र विभक्त देहांची एवढी लांब कैफियत ऐकून घेतली आहे.

पोथ्या जमविणाऱ्या आमच्या वाचकांसाठीं दोन शब्द. दासबोधाचा मुख्य आधार म्हणजे कल्याणस्वामींच्या हातची डोमगांव मठांतील प्रत. तिजवरून शंकर श्रीकृष्ण देव ह्यांनीं धुळ्याच्या सत्कार्योत्तेजक सभेमार्फत इ. स. १९०५ मध्यें ग्रंथ छापला, आणि त्या आवृत्तीनें पुढच्या अभ्यासाचा पाया घातला. त्या परंपरेंत “अंतःकर्ण”, “येक” अशीं रूपें आहेत. शुद्धलेखनाच्या हौसेनें तीं “अंतःकरण”, “एक” करणें हें एक वेळ चालेल. परंतु “जिनसमासला” हा शब्द अडाणी वाटून कोणी “एकजातीय” किंवा तत्सम संस्कृत शब्द सुचवील तर तो पाठ सुधारीत नसून पुरावा पुसून टाकीत आहे. घरोघरच्या पोथ्या पाहतांना आपण बहुधा शेवटचें पान उलटतों, लेखकाचें नांव व शक पाहतों, आणि पोथी बांधून ठेवतों. दासबोधाची पोथी हातीं आली तर दहावा दशकहि उघडावा. ह्या समासाशेजारीं समासांत कोणीं टिपण केलें असेल, ओवीवर खूण केली असेल, “अंतःकर्ण” ह्यावर बारीक अक्षरांत “आत्मा” असें लिहिलें असेल, तर तें उतरून घ्यावें. जुन्या वाचकांनीं ही अडचण कशी ओलांडली, कीं ते तेथें आमच्यासारखेच अडखळले, हें त्या खुणांवरूनच ठरेल. आणि महानुभाव पोथी व समर्थसंप्रदायी पोथी एकाच पेटींतून निघाली तर दोन्हींची टिपणें एकत्र नोंदवावीं.

श्रोत्याचें समाधान झालें कीं नाहीं, हें मात्र ग्रंथांतच पाहावयास मिळतें. दुसरा समास सुरू होतांच तोच श्रोता पुन्हां उभा आहे. एक कीं अनेक ह्याविषयीं तो आतां बोलत नाहीं. आतां त्याची तक्रार अशी कीं, जाणिवेलाच विष्णु म्हटलें, मग पुराणांतला चार हातांचा विष्णु, चार तोंडांचा ब्रह्मदेव व महादेव ह्यांस जागाच कोठें उरली?